यशया मास्तरांचा सहावा स्टड

स्टड मोडला तो यशया मास्तरांच्याच हातानं. पण हे त्यांच्या तोंडावर बोलायचं नाही असा देवळाली प्रवरात एक मुका करार होता, आणि गाव तो रोज सकाळी नेमानं मोडत होतं. रानात निघालेला माणूस गिरणीपाशी थबकायचा आणि विचारायचा, "मास्तर, तुमी मोडलेला खुट्टा निगाला का?" मास्तर म्हणायचे, "मी मोडला नाही. मोडला." बत्तीस वर्षं मिशनच्या शाळेत "पाटी फुटली, गुरुजी" म्हणणाऱ्या पोराला "फुटली नाही, तू फोडलीस, हात पुढं कर" म्हणणारे ते हेच मास्तर. देव सगळं बघत असतो म्हणतात ते काही उगाच नाही.

झालं होतं असं. सालाचं म्हणाल तर चव्वेचाळीस, लढाई चालू होती आणि डिसेंबर नुकता लागला होता. पेन्शनीत निघाल्यावर मास्तरांनी बंद पडलेल्या एका कापसाच्या जिनातलं जुनं विलायती तेलाचं इंजिन आणून घरामागं पिठाची गिरणी घातली होती. दसऱ्यापासून ती झकास चालली. मग एक दिवस इंजिनाच्या डोक्यापाशी फुसफुस सुरू झाली, आणि जो धूर नळीतून निघायचा तो बगलेतून निघायला लागला. डोकं आणि धड यांच्या मधला पॅकिंगचा पुठ्ठा जळला होता. तो बदलायचा तर डोकं उतरवायला हवं, आणि डोकं सहा स्टडांवर बसवलेलं. स्टड म्हणजे दोन्ही टोकांना आटे पाडलेली, अंगठ्याएवढी जाड लोखंडी कांब. तिचं एक टोक इंजिनाच्या धडात फिरवून घट्ट केलेलं असतं आणि दुसऱ्या टोकावर नट असतो. एवढं समजलं की पुढचं सगळं समजतं; मास्तरांना मात्र हे समजायला तीन आठवडे लागले.

पाच नट मुकाट्यानं सुटले. सहावा सुटेना. मास्तरांनी पान्याला हातभर लांब नळी घातली, बाह्या सारल्या, आणि वांड पोराला सरळ करायची सवय असलेल्या माणसानं जे करावं तेच केलं. अंगाचा सगळा भार टाकून हिसका दिला. नट सुटला नाही. नटासकट स्टडच कटकन तुटला आणि मास्तर नळी हातात धरून मागच्या बाजरीच्या पोत्यावर जाऊन बसले. डोकं निघालं, पण धडातून दोन बोटं लांबीचं थोटूक बाहेर तोंड काढून राहिलं.

आता एवढं काय त्यात, असं कोणी म्हणेल. त्यात मास्तरांचा शब्द होता. आदल्याच रविवारी चर्चमधली उपासना संपल्यावर मास्तर मंडळीसमोर उभे राहिले होते आणि कोणी न विचारता म्हणाले होते, "यंदा नाताळच्या प्रीतिभोजनाचे सगळे गहू मी दळून देईन. मंडळीतल्या एकाही बाईनं जात्याला हात लावायचा नाही." बायकांनी इतक्या जोरात आमेन म्हटलं की पाळकसाहेबांनी चष्मा काढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गव्हाची दोन पोती गिरणीत येऊन पडली, आणि चार दिवसांनी इंजिन थोटं झालं.

शिवाय घरात आणखी एक प्रकरण होतं. गिरणीचा पाया घालताना गवंड्याला एक घट्ट दगड हवा होता, मधोमध भोक असलेला, म्हणजे पायातला लांब बोल्ट त्यातून ओवता येईल. मास्तरांची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गेली. त्यांच्या पत्नी दयाबाई त्या वेळी बायकांच्या प्रार्थनेला गेल्या होत्या. परत आल्या तो त्यांच्या जात्याची वरची तळी चुन्यात बसली होती आणि तिच्यावर इंजिन. मास्तर हात झटकत म्हणाले, "आता तुझ्या हाताला जात्याचा खुंटा म्हणून लागायचा नाही. माझं वचन आहे." दयाबाईंनी एकदा इंजिनाकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे पाहिलं, आणि त्या चूल पेटवायला आत गेल्या. मास्तरांनी याचा अर्थ संमती असा लावला. आधी विचारायला हवं होतं, हे त्यांच्या डोक्यातही आलं नाही.

आता इंजिन बंद आणि जातं गाडलेलं. म्हणजे घरात गिरणी असलेल्या बाईला रोज सकाळी बाजरीची पाटी डोक्यावर घेऊन शेजारच्या रतनबाईच्या दारात दळायला जायची पाळी आली. रतनबाई मनानं चांगली, पण जिभेला हाड नाही. "या, मास्तरीणबाई, या," ती सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची. "आमचं जातं अजून जमिनीच्या वरच हाय." दयाबाई पदर खोचून बसायच्या आणि दळायच्या. वय पंचावन्न, उजवा खांदा आधीच धरलेला. घरी आल्या की चुलीपुढं बसून खांद्याला तेल चोळायच्या. त्या भांडल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. भांडणाला त्यांच्याजवळ उत्तरं तयार होती.

गावाकडं एक रीत आहे. आजाऱ्याला भेटायला गेलेला माणूस औषध सांगितल्याशिवाय परत येत नाही. तीच रीत स्टडाला लागू झाली. कोणी म्हणालं बिब्ब्याचं तेल घाला, कोणी म्हणालं कढत काकवी ओता, एका म्हाताऱ्यानं म्हशीचं जुनं तूप सांगितलं आणि ते आपल्याकडं मिळेल असंही सांगितलं. नुसतं सांगून कोणी जात नसे. "बगू बरं," म्हणत जो तो थोटकाला चिमटीत धरायचा आणि डावीकडं एक हिसका द्यायचा. आठवडाभरात ते थोटूक चांदीसारखं चमकायला लागलं, पण हललं नाही.

पहिला खरा वैद्य म्हणून सूर्यभान लोहार आला. त्यानं सांडशीनं थोटूक धरलं, पाय भिंतीला लावले आणि ओढ घेतली. सांडशी सटकली. पुन्हा धरलं, पुन्हा सटकली, आणि दर वेळी वरचे आटे थोडे थोडे सोलले गेले. मग त्यानं छन्नी लावून घण मारला तेव्हा टोकाचा एक टवकाच उडाला आणि सूर्यभानाच्या कानाजवळून गेला. दोन बोटांचं दीड बोट राहिलं.

"मास्तर," सूर्यभान घाम पुसत म्हणाला, "ह्यो तुमच्या शाळंत शिकलेला दिसतोय. कितीबी हाना, तोंड उघडत न्हाई."

"माझ्या शाळेत मुलं तोंड उघडत असत," मास्तर म्हणाले.

"व्हय, रडायला," सूर्यभान म्हणाला. तो स्वतः दुसरीपर्यंत तिथंच होता.

दुसरा वैद्य जॉर्ज. हा दयाबाईंच्या बहिणीचा मुलगा, मिशनच्या दवाखान्याची मोटार चालवायचा, आणि मोटार चालवता येते म्हणून जगातलं प्रत्येक यंत्र आपल्याला मामा लागतं असं समजायचा. त्यानं टोपी मागं सारून थोटकाकडं पाहिलं आणि हसला. "काका, एवढ्यासाठी गिरणी बंद ठेवलीत? अहो, सहातले पाच आहेत ना! पाचावर आरामात चालतं. लढाईवर तीन स्टडांवर गाड्या चालवताहेत लोक." लढाईवरची बातमी याला कुठून कळली, हे विचारायचं मास्तरांना सुचलं नाही. पॅकिंगचे पुठ्ठे घरात दोनच होते आणि लढाईपायी तिसरा मिळायची आशा नव्हती. तरी त्यातला एक घातला, डोकं पाच स्टडांवर आवळलं, चाक फिरवलं, आणि इंजिन खरंच चालू झालं. मास्तरांनी आनंदानं आत डोकावून पाहिलं. ते रविवारचा पांढरा कोट घालून पाळकसाहेबांकडं निघाले होते, चांगली बातमी सांगायला.

मग फाट्दिशी आवाज झाला. मोकळ्या सहाव्या कोपऱ्यातून पुठ्ठ्याच्या चिंध्या, काजळी आणि तेल एकदम बाहेर आलं, आणि समोर जे होतं त्यावर बसलं. समोर मास्तर होते. धूर निवळला तेव्हा त्यांचे फक्त डोळे ओळखू येत होते. जॉर्ज म्हणाला, "पाचावर चालतं, पण थोडा वेळ." रतनबाई तक्रार घेऊन आली की आवाजानं तिच्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या, आणि मास्तरांना बघून तक्रार विसरून आत पळाली, ती दयाबाईंना बोलवायला. कोट दयाबाईंनी तीन वेळा धुतला. तो पुढं राखी रंगाचा म्हणूनच वापरात राहिला.

जाता जाता जॉर्जनं खरी गोष्ट सांगितली, म्हणजे त्याला ती खरी वाटली. "रॉकेलमध्ये भिजवा, काका. आठ दिवस. गंज सुटतो." घरातलं रॉकेल रेशनचं, जेमतेम कंदिलापुरतं. जास्त हवं तर परमिट. मास्तर पहाटेच्या बैलगाडीनं तालुक्याच्या कचेरीत गेले.

कारकुनानं अर्ज वाचला, आणि मग पुन्हा सावकाश वाचला. "रॉकेल कशासाठी?"

"स्टड भिजवायला."

"घरातली माणसं किती?"

"दोन."

"दिवे किती?"

"दिव्याला नको आहे, स्टडला हवं आहे."

"मास्तरसाहेब," कारकून समजुतीनं म्हणाला, "रकाने तीन आहेत. घरगुती दिवा, गुऱ्हाळ आणि विद्यार्थी. तुमचा स्टड यातल्या कशात बसतो?" मास्तरांनी विचार केला. स्टड कशातच बसत नव्हता, तो फक्त इंजिनात बसला होता. शेवटी कारकुनानं तोडगा काढला. स्टड खरोखर अडकलेला आहे असा गावच्या पोलीस पाटलाचा दाखला आणा, मग बघू.

पोलीस पाटील श्रीमंतराव दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन आले. चोरीमारीचे पंचनामे करून कंटाळलेला माणूस, त्यामुळे त्यांनी हा मनापासून केला. थोटकाची लांबी सुतानं मोजली. मग कोट काढून पंचाच्या हातात दिला, थोटूक मुठीत धरलं आणि डावीकडं असा हिसका दिला की त्यांचंच मनगट मुरगळलं. लिहिलं ते असं: "सदर खुंट इंजिनाचे पोटात अडकला असून पंचांसमक्ष हलवून पाहता हलत नाही. खुंटाविषयी कोणावर संशय नाही." शेवटचं वाक्य ऐकून मास्तरांना पंधरा दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

दाखला घेऊन पुन्हा बैलगाडी, पुन्हा कचेरी. कारकुनानं दाखला अर्जाला टाचला, पेन शाईत बुडवलं आणि म्हणाला, "आता रकाना. विद्यार्थी लिहितो. तेवढ्याच खात्यात साठा शिल्लक आहे." मास्तर म्हणाले, "मी मुख्याध्यापक होतो हो!" कारकून म्हणाला, "मग सही नीट करा." आयुष्यात कधी खोटं न लिहिलेल्या यशया मास्तरांनी वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी "विद्यार्थी" या शब्दासमोर सही केली आणि एक बाटली रॉकेल घेऊन ते घरी आले.

बाटली आली खरी, पण आणखी एक घोटाळा होता. इंजिन आडवं. थोटूक भिंतीतल्या खुंटीसारखं आडवं बाहेर आलेलं. रॉकेल ओतलं की थोटकावरून सरळ जमिनीवर. म्हणजे भोवती वाटी करायला हवी. मास्तर स्वयंपाकघरात जाऊन म्हणाले, "जरा कणीक दे मूठभर. वाटी करायची आहे थोटकाला."

दयाबाई पोळपाटावरून वर न बघता म्हणाल्या, "कणीक?"

"मूठभरच."

"ही कणीक रतनबाईच्या जात्यावर दळलेली आहे," दयाबाई म्हणाल्या. "ही माणसांना."

मास्तर बाहेर आले आणि त्यांनी ओढ्यावरची चिकणमाती आणली. मातीची वाटी पहिल्या रात्री ठीक राहिली, दुसऱ्या दिवशी वाळली, तिसऱ्या दिवशी तडकली, आणि रॉकेलचं जे काय व्हायचं ते झालं. मास्तरांनी पुन्हा माती लावली, पुन्हा भरलं. बाटली संपली. थोटकाला घासलेटाचा छान वास येत होता, बाकी फरक काही नव्हता.

तेवीस तारीख उजाडली. सकाळीच पाळकसाहेबांचा निरोप आला, फार मऊ शब्दांत. बंधू यशया यांनी मनाला लावून घेऊ नये. यंत्र आहे, चालायचंच. दुपारी बायका येतील आणि आपापल्या वाटणीचे गहू पाटीत घेऊन जातील, दोन दिवसांत घरोघरी दळून होईल. निरोप आणणारा गेला. मास्तर पोत्यांजवळ उभे राहिले. आत दयाबाई पाटी रिकामी करत होत्या. त्यांनी विचारलं, "आपल्या वाटणीला किती येतील?" आणि विचारताना डाव्या हातानं उजवा खांदा दाबला. मास्तरांना फार वाईट वाटलं. शरम तर होतीच, पण शरम गावापुढची होती. हे वाईट वाटणं निराळं होतं, आणि ते कोणाला सांगायचं हे त्यांना कळेना.

त्यांनी सूर्यभानाला बोलावलं, जॉर्जलाही बोलावलं. ठरलं असं की उरलेल्या दीड बोटाच्या दोन बाजू कानशीनं घासून सपाट करायच्या, म्हणजे पाना नीट बसेल, आणि मग नळी घालून शेवटचा हिसका. सूर्यभानानं तासभर घासून काम चोख केलं. पाना चपखल बसला. "आता एक सांगतो, मास्तर," तो म्हणाला. "घासून अंग बारीक झालंय. ह्यो जर आता बुडातनं मोडला, तर मंग माज्या हातात काय न्हाई. इंजिन गाडीत घालून मुंबईलाच न्यावं लागंल." लढाईच्या दिवसांत मुंबईला गेलेली वस्तू परत येते की नाही, हे कोणीच सांगू शकत नव्हतं. पाट्या घेऊन आलेल्या आठदहा बायका दाराशी उभ्या होत्या, पुढं अर्थात रतनबाई. श्रीमंतराव पाटील मनगटाला फडकं बांधून पंचनाम्याचं पुढं काय झालं ते बघायला आले होते. मास्तरांनी नळी पान्यात घातली.

"थांबा," दयाबाई म्हणाल्या.

त्या मागच्या दारातून आल्या होत्या आणि त्यांच्या हातात फिरकीचा तांब्या होता. मास्तर परगावी निघाले की त्यात पाणी असायचं. पितळेचा, वर आट्यांचं झाकण, उलटा केला तरी थेंब गळायचा नाही असा.

"आत्ता पाणी नको," मास्तर म्हणाले.

"पाणी कोण देतंय? हा उघडा." त्यांनी तांब्या पुढं केला. मास्तरांनी झाकण फिरवलं. हलेना. जॉर्जनं घेतला, दात ओठ खाऊन डावीकडं हिसके दिले. हलेना. सूर्यभानानं नुसतं पाहिलं. "त्या दिवशी कचेरीतनं परत आलात तेव्हापासनं असाच आहे," दयाबाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं तुम्ही हा प्रवासाला नेता आणि दर वेळी फिरकी अडकवून आणता. पुढच्या खेपेला तो तुम्हाला उघडा मिळतो. कोण उघडतं, कधी विचारलंत?"

मास्तरांनी कधी विचारलं नव्हतं. तांब्या उघडतोच, अशी त्यांची समजूत होती.

दयाबाईंनी तांब्या सूर्यभानानं आणून पेटवलेल्या शेगडीवर गळ्याकडून धरला, झाकण चांगलं तापू दिलं, पदराच्या घडीत धरलं, आणि आधी उजवीकडं, आवळायच्या बाजूला, एक हलका दाब दिला. मग डावीकडं. झाकण सुटलं. "तीन आठवडे बघते आहे," त्या म्हणाल्या. "जो येतो तो सोडायच्याच बाजूला हिसका देतो. लोहार तसाच, पाटील तसेच, तुम्ही तर काय बोलायलाच नको. अडकलेलं आधी थोडं आवळायचं असतं. जागेवरनं हललं की मग सोडायचं. आणि घाई करायची नसते."

"अगं, आधीच एवढं घट्ट आहे, त्यात आणखी आवळायचं?"

"कचेरीच्या कागदावर विद्यार्थी म्हणून सही केलीत ना?" दयाबाई म्हणाल्या. "मग शिका."

रतनबाई फिसकन हसली. पाटलांनी खोकल्याचा आव आणला. मास्तरांचे कान लाल झाले, पण त्यांनी पान्यातली नळी काढून ठेवली.

पुढचा तासभर गिरणीत दयाबाईंचं राज्य होतं. सूर्यभानाला त्यांनी एक मोठा जुना नट शेगडीत लाल करायला सांगितला आणि तो सांडशीनं थोटकावर कड्यासारखा घालायला लावला. थोटूक तापलं. कडं काढलं, निवू दिलं. पुन्हा तापवलं. मग त्या आत गेल्या, पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि त्या मेणबत्ती घेऊन आल्या. लढाईमुळं मेणबत्ती दिसेनाशी झाली होती. नाताळच्या रात्रीसाठी म्हणून त्यांनी दोनच जपून ठेवल्या होत्या, त्यातली ही एक. "फिरकीला मी मेणच लावते," त्या म्हणाल्या आणि तापलेल्या थोटकाच्या बुडाशी मेणबत्ती टेकवली. मेण पाणी होऊन आट्यांच्या फटीत आत ओढलं गेलं. आठ दिवस रॉकेलला जे जमलं नव्हतं ते अर्ध्या मेणबत्तीनं डोळ्यांदेखत केलं.

"आता आवळा," दयाबाई म्हणाल्या. "हळू. नळी नको."

मास्तरांनी पाना धरला. उजवीकडं वळवायच्या आधी त्यांनी एकदा दयाबाईंकडं पाहिलं, कारण हे सगळ्या शहाणपणाच्या विरुद्ध होतं आणि मोडलं तर तेही त्यांच्याच हातानं मोडणार होतं. काही झालं नाही. त्यांनी आणखी जरा दाबलं. आतून कुट्ट असा बारीक आवाज आला.

"मोडला!" जॉर्ज ओरडला.

"गप रे," दयाबाई म्हणाल्या. "सुटला. आता सोडा. पाव बोट, जास्त नको. परत आवळा. परत सोडा."

मास्तर आवळत गेले आणि सोडत गेले. दर खेपेला थोटूक गहूभर जास्त फिरत होतं. मेण संपत आलं तसं ते नुसत्या हातानं फिरायला लागलं आणि शेवटी सुटून पडलं, गरम होतं म्हणून दयाबाईंनी ते पदरात झेललं. सूर्यभान म्हणाला, "आयला! इतक्या वर्साचा धंदा माजा, आन् हे मला कुनी सांगितलं न्हाई." रतनबाई म्हणाली, "बायकान्ला कुनी इचारतंय व्हय?" आणि पाटी खाली ठेवून पोत्यावर बसली, आता दळून घेतल्याशिवाय जात नाही अशा बेतानं.

दवाखान्याच्या भंगारातला एक जुना स्टड जॉर्जनं आणला, सूर्यभानानं त्याची लांबी जुळवली, शेवटचा पुठ्ठा घातला आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी इंजिन सहाही स्टडांवर टुकटुक करायला लागलं. दुसऱ्या दिवशी चर्चची घंटा व्हायच्या आत दोन्ही पोती दळून झाली. पीठ इतकं मऊ आलं की पाटलांनीही आपल्या घरचे गहू पाठवून दिले, दाखल्याचा मोबदला म्हणून.

चोवीस तारखेच्या उपासनेत पाळकसाहेबांनी मास्तरांचे आभार मानले. बंधू यशया यांनी दिलेला शब्द पाळला, असं ते म्हणाले, आणि साक्ष द्यायला त्यांना उभं राहायला सांगितलं. मास्तर उभे राहिले. राखी कोट अंगात होता. शाळा तपासनीस आला तरी न अडखळणारे मास्तर त्या दिवशी पहिल्या शब्दालाच अडखळले.

"स्टड मी मोडला," ते म्हणाले.

मागच्या बाकावर कोणी तरी "झालं!" म्हणालं आणि लोक हसले. मास्तर थांबले नाहीत. "मी मोडला. आणि काढला माझ्या बायकोनं. मी शब्द पाळला असं म्हणतात, तो तिनं पाळला. आणखी एक. तिचं जातं मी इंजिनाच्या पायात गाडलं आहे. तिला विचारलं नव्हतं." एवढं बोलून ते खाली बसले. बायकांच्या बाजूला दयाबाई मान खाली घालून उपासना संगीताचं पुस्तक चाळत होत्या आणि त्यांना हवं ते गीत काही केल्या सापडत नव्हतं.

घरी येताना त्या म्हणाल्या, "ते जातं माझ्या आईनं दिलेलं."

"मला माहीत आहे," मास्तर म्हणाले. मग म्हणाले, "नाही. माहीत नव्हतं." आणखी थोडं चालून गेल्यावर म्हणाले, "काढून देतो. पण तुला दळायला लागायचं नाही."

"दळायला कुठं मागतेय? गिरणी आहे की दळायला," दयाबाई म्हणाल्या. "मला ते हवंय."

नाताळ झाला, प्रीतिभोजन झालं, रतनबाईनं अकरा पोळ्या खाल्ल्या. आणि नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, सगळ्या गावाचं दळण खोळंबून राहील हे माहीत असून, मास्तरांनी चांगली चालती गिरणी बंद केली. इंजिनाखाली घालायला गवंड्यानं भोक पाडलेला नवा दगड आणून ठेवला होता. आधी पायातला बोल्ट सोडायचा होता, जात्यातून ओवलेला. मास्तरांनी पाना लावला. बोल्टाचा नट चुन्यात गंजून घट्ट बसला होता.

अर्ध्या तासात गाव जमलं. जॉर्ज म्हणाला, काका, नळी आणू का. श्रीमंतराव पाटील मनगट चोळत म्हणाले, पुन्हा पंचनामा लागेल का. म्हातारा तूप घेऊन आला. मास्तरांनी सूर्यभानाला शेगडी पेटवायला सांगितली आणि मेणबत्ती मागितली. नाताळच्या रात्री लावलेली दुसरी, तिचं बोटभर उरलेलं टोक दयाबाईंनी आतून आणून दिलं आणि त्या दारात उभ्या राहिल्या.

नट तापला, मेण आत गेलं. मास्तरांनी पाना बसवला.

"मास्तर," रतनबाई म्हणाली, "आता ह्यो बी मोडला तर वं?"

"मोडला तर मी मोडला म्हणून सांगेन," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी पाना आधी आवळायच्या बाजूला फिरवला.